स्मृतिभ्रंश झालेल्यांना घरी सांभाळणाऱ्या पिंप्राळ्यातील कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. आयुक्त, जळगाव शहर महानगरपालिका
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, जळगाव
मा. पोलीस अधीक्षक, जळगाव

विषय : काळजीवाहू कुटुंबीयांना प्रशिक्षण, विसावा, अर्थसाहाय्य व संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

पिंप्राळा व लगतच्या वसाहतींत स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला किंवा बायकोला घरीच सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. आजवर आम्ही एकेकटे, ज्याच्या त्याच्या अडचणीपुरते बोलत आलो. त्यातून फारसे काही निघाले नाही, म्हणून यापुढे एकत्र बोलू.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार देशातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. यांतले बहुतेक रुग्ण घरीच असतात. म्हणजे या आजाराची खरी आरोग्यसेवा सुना, मुली, बायका आणि काही मुलगे विनावेतन चालवत आहेत.

या माणसांच्या तोंडी एकच वाक्य वारंवार येते : ‘मला हे जमत नाही.’ वर्षानुवर्षे घर, शेती, नोकरी निभावलेली ही माणसे आहेत. जमत नाही, कारण कोणी शिकवलेले नाही. निदान चिठ्ठीवर लिहून मिळते, गोळ्याही मिळतात; पण रात्री दोन वाजता सासरे ‘मला घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घराची कडी काढू लागले तर काय करायचे, ते चिठ्ठीवर नसते. आमचे कौतुक होऊ नये असे नाही, पण त्याने ही कडी लागत नाही.

मागणी १ : नोंद आणि पाठपुरावा. आशाताई घरोघरी भरतात त्या तपासणी अर्जात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होते का? प्रश्न योग्य आहे. उत्तर ‘हो’ आले की पुढे काय, हे आमच्या अनुभवात कुणालाच सांगता येत नाही. असे उत्तर आलेल्या प्रत्येक व्यक्तीची ३० दिवसांत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी आणि त्याच नोंदीत घरी काळजी घेणाऱ्याचे नाव लिहावे. नवा अर्ज छापावा लागणार नाही.

मागणी २ : घरी येऊन प्रशिक्षण. ही आमची मुख्य मागणी आहे. शेजारच्या गोव्यात हे करून झाले आहे. तिथे स्थानिक भाषा बोलणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभर प्रशिक्षण देऊन सहा महिने रुग्णांच्या घरी पाठवले गेले. मागे मार्गदर्शनाला मानसोपचारतज्ज्ञ होते. ८१ कुटुंबांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण बरे झाले नाहीत, तशी अपेक्षाही नव्हती. मात्र काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला.

पिंप्राळ्यासाठी असे दोन गृहभेट मार्गदर्शक नेमावेत. नव्याने निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी पहिले सहा महिने पंधरवड्यातून एकदा भेट व्हावी. विषय आम्ही सांगतो : नकार देणाऱ्याला अंघोळ कशी घालावी, घास घशात अडकू नये म्हणून काय करावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, चोरीचा आळ आला तर वाद न घालता काय बोलावे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा स्वेटर चढवून बसलेल्या आणि तहान लागल्याचे न सांगणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसभर पुरेसे पाणी कसे जाईल, हेही शिकावेच लागते.

उपक्रमाचा उपयोग होतो की नाही, हे भेटींच्या आकड्यावरून ठरवू नये. काळजी घेणाऱ्याला स्वतःच्या क्षमतेबद्दल काय वाटते हे मोजणारी सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली नेदरलँड्समधील संशोधकांनी तयार केलेली आहे. तिचा मराठी अनुवाद करून पहिल्या आणि शेवटच्या भेटीत भरून घ्यावा. आकडे सुधारले नाहीत तर पद्धत बदलावी. आमची हरकत नाही.

मागणी ३ : आपल्या बोलीतून तपासणी. कधी शाळेत न गेलेल्या आजीला ‘आज तारीख किती?’ असे विचारले जाते. ती अहिराणीत सांगते, आखाजी होऊन किती दिवस झाले ते. उत्तर बरोबर असते, गुण मिळत नाही. न शिकलेल्या वृद्धांसाठीची हिंदी चाचणी हरियाणातील बल्लभगडच्या अभ्यासात पूर्वीच तयार झाली आहे. त्याच धर्तीवर अहिराणी आणि तावडी बोलींतली चाचणी वैद्यकीय महाविद्यालयाने सहा महिन्यांत तयार करावी. बोली जाणणारे सभासद आम्ही देऊ.

मागणी ४ : दिवसाचे विसावा केंद्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कुटुंबीय अशा रुग्णाच्या देखभालीत दिवसाला सरासरी पाच तास घालवतात आणि त्यातले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आजार वाढल्यावर हे पाच तास आमच्या घरी केव्हाच मागे पडतात. महापालिकेच्या ताब्यातील तळमजल्यावरचे एक सभागृह आठवड्याचे सहा दिवस सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत १५ रुग्णांसाठी द्यावे. एक परिचारिका, दोन मदतनीस, कमोडचे स्वच्छतागृह, कूलर आणि बाहेरून बंद होणारे फाटक एवढे पुरे. ज्यांना परवडते ते शुल्क देतील. उरलेला खर्च ५ टक्के दिव्यांग निधीतून करावा.

मागणी ५ : प्रमाणपत्र व अर्थसाहाय्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे वेगळे नाव नाही, पण मानसिक आजार हा प्रकार आहे. त्याखाली मूल्यांकन करण्याची लेखी सूचना तपासणी मंडळाला द्यावी. अंथरुणाला खिळलेल्यांचे मूल्यांकन घरी व्हावे.

हिशेब साधा आहे. मोठ्यांचा एक डायपर ३० ते ५० रुपयांना पडतो. दिवसाला तीन धरले तरी महिन्याला २,७०० ते ४,५०० रुपये होतात. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये मिळालेच तरी डायपरचा महिना त्यात निघत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून असलेले पाच लाखांचे आयुष्मान कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते, आणि आमचा खर्च तर घरात होतो. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यासाठी आश्वासकिरणम ही दरमहा ६०० रुपयांची योजना आहे. रक्कम तुटपुंजी असली तरी काळजीवाहूचे काम हे काम आहे, हे त्या सरकारने मान्य केले. काळजीवाहू भत्ता आणि १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेसारखी मातापितासंगोपन रजा यांची शिफारस जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत शासनाकडे पाठवावी.

मागणी ६ : वाट चुकलेल्यांचा तातडीने शोध. पिंप्राळ्याला लागून रेल्वेमार्ग आहे, आणि जळगाव जंक्शनवरून मुंबई, भुसावळ, सुरत अशा तिन्ही दिशांना गाड्या सुटतात. ‘२४ तास वाट पाहा’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण हरवल्याची तक्रार त्याच क्षणी नोंदवून रेल्वे पोलिसांना कळवावी. कुटुंबाच्या संमतीने छायाचित्रांची नोंदवही ठाण्यात ठेवावी. आषाढी एकादशीच्या रथोत्सवाच्या गर्दीत मदतकक्ष असावा. तिथे आमचे स्वयंसेवक बसतील.

मागणी ७ : खोट्या ठपक्यापासून संरक्षण. दहा मिनिटांपूर्वी जेवलेली सासू ओट्यावर जाऊन शेजारणीला सांगते, ‘सकाळपासून उपाशी आहे.’ ती खोटे बोलत नसते. तिला जेवल्याचे आठवतच नाही. पण सून गल्लीत बदनाम होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ही तरतूद रास्त आहे, तिला आमचा पाठिंबा आहे. मात्र तक्रारदाराला स्मृतिभ्रंश असल्याची शक्यता दिसताच वैद्यकीय अहवाल मागवावा आणि घरभेट घ्यावी, मगच पुढील कारवाई करावी. खरा छळ होत असेल तर तोही याच भेटीत उघड होईल.

मागणी ८ : बँक. सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडते आणि पालकत्वासाठी थेट उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाण्याचा सल्ला मिळतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१७ पासून आहेत. त्यांच्या अंमलबजावणीचा आढावा जिल्ह्यातील बँकांच्या पुढील बैठकीत घ्यावा.

मागण्या १, ६, ७ आणि ८ साठी वेगळ्या तरतुदीची गरज नाही. आदेश पुरेसा आहे. त्यांची अंमलबजावणी ३० दिवसांत व्हावी. उरलेल्या मागण्यांचे लेखी वेळापत्रक ६० दिवसांत मिळावे आणि दर तिमाहीच्या आढाव्याला आमचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यांत किमान एक स्त्री.

चर्चेसाठी आम्ही तयार आहोत. बैठकीची तारीख किमान आठ दिवस आधी कळवावी आणि वेळ दुपारची ठेवावी. आमच्यापैकी प्रत्येकाला त्या दोन तासांसाठी घरी दुसरे माणूस बसवूनच निघावे लागते.

आपले,
स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणारे पिंप्राळ्यातील कुटुंबीय