सात दिवस कुणाचे?



मागच्या महिन्यात आपल्या सल्ला केंद्रावर एकजण आली. मारहाण नाही, पोटगी नाही. तिचा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीचा होता. पुण्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर गेम्स तयार होतात, तिथे तिला आर्टिस्ट म्हणून काम हवं होतं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मला यातलं काय कळणार? पण तिने नीट समजावून सांगितलं.

या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा पोर्टफोलिओ बघतात. ढीगभर चित्रं नकोत. निवडक आठ-दहा, आणि कंपनीच्या गेम्सच्या शैलीशी जुळणारी. सोबत कच्ची स्केचेस, थ्रीडी मॉडेल असेल तर रंगाखालची जाळीसुद्धा दाखवायची. ही तयारी तिची होती. अडलं ते पुढे.

मुलाखतीआधी कंपनीने आर्ट टेस्ट दिली. घरी बसून सात दिवसांत एक बैलगाडी थ्रीडीत उभी करायची. मोबदला शून्य. तिच्याबरोबरच्या मुलाने सात दिवस खोलीचं दार लावून घेतलं. ताट आई आत नेऊन देत होती. हिच्या घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि तीन वर्षांची लेक. रात्री अकरानंतर कॉम्प्युटर सुरू व्हायचा. शेवटच्या रात्री गाडीची दोन चाकं राहून गेली. शेरा आला, ‘वेग कमी पडतो.’ परीक्षा चित्रकलेची होती की घरात ताट कोण वाढतं याची?

टेस्ट घेताना पहिल्यांदाच विचारायचं, असं आम्ही ठरवलं: किती तासांचं काम अपेक्षित आहे, मोबदला आहे का, चित्रावर हक्क कुणाचा, निवड झाली नाही तर ते पोर्टफोलिओत लावता येईल का. आणि काम देताना स्वतःला लागलेले तास लिहून द्यायचे.

मग मुलाखतीची तालीम. साहेब मी झाले. ‘लग्न झालंय, मग रात्री थांबाल का?’ ती गप्प. तिसऱ्या खेपेला म्हणाली, ‘मागचा गेम बाजारात आला तेव्हा तुमचे आर्टिस्ट किती आठवडे रात्री थांबले होते?’ मलाच उत्तर सुचेना!

हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. अमेरिकेत रायट गेम्स या कंपनीतल्या दोन स्त्रियांनी पगार आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध २०१८ साली दावा लावला. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने दहा कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. आपल्याकडच्या २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रारदार बाई तिथे नोकरीला असण्याची अटही नाही. मुलाखतीला गेलेलीसुद्धा तक्रार करू शकते. या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून आपल्यापैकी कित्येकजणी बसतात. गेम कंपनीत जाणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत आर्ट टेस्टचा विषय काढाच.

येत्या पंधरवड्यात तिची दुसरीकडे टेस्ट आहे. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायचं काम तिने नवऱ्यावर सोपवलंय. लेकीला सांभाळायला केंद्रावरच्या दोघींनी संध्याकाळी वाटून घेतल्या आहेत. रविवारी अजून कुणी नाही.