वारा कुठून वाहतो आहे?

डिसेंबर १९८४ मधल्या त्या काळरात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, तेव्हा डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. वायू कोणता, हा होता. नेमके उत्तर वेळेवर मिळाले नाही. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी गोष्टही शेजारच्या वस्तीला कोणी सांगून ठेवली नव्हती.

तळोज्याकडे पाहताना ती रात्र आठवते. पनवेल तालुक्यातल्या या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. कासाडी नदीच्या प्रदूषणामुळे पंचक्रोशीला त्यांची ओळख फार पूर्वीच पटली. जुन्या गावांच्या जोडीला आता सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये पेंधरपर्यंत मेट्रोही आली. बिऱ्हाडे वाढली, तयारी वाढली का?

कायदा नाही असे नव्हे. १९८९ च्या नियमांनुसार घातक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखान्याने कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा करायचा, बाहेरचा शासकीय यंत्रणेने. आतली रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरची वर्षातून एकदा. शेजाऱ्यांना धोक्याची माहिती देणेही कारखान्यावर बंधनकारक. पुढे १९९६ च्या नियमांनी स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट आले, २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले.

पण वायू लागलेला माणूस आराखडा वाचत नाही. तो रिक्षा करून नाक्यावरचा दवाखाना गाठतो. तिथल्या डॉक्टरांना आसपासच्या रसायनांची यादी, त्यांवरचे उपचार आणि प्राणवायूचा साठा हाताशी हवा. रुग्णाचे कपडे दाराबाहेरच उतरवून त्याला भरपूर पाण्याने धुवायचे, हे परिचारिकेला ठाऊक हवे. नाहीतर उपचार करणाराच आडवा होतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हा बाधित झालेल्या शंभरावर माणसांत मदतीला धावलेले अग्निशामक जवानही होते. आशाताईंकडे अंथरुणाला खिळलेले, दमेकरी आणि गरोदर बाया यांची घरवार यादी असावी. यातले काहीच खर्चिक नाही.

आणि आपण? क्लोरीन हवेपेक्षा जड. तो खाली साचतो. म्हणून तळघरात शिरू नये. दारे-खिडक्या लावून वरच्या मजल्यावर थांबावे. बाहेर असल्यास वाऱ्याला आडवे चालत दूर जावे. पुढची रंगीत तालीम कधी, हे सोसायटीच्या सभेत विचारावे, पत्र लिहून विचारावे. भोपाळच्या वस्तीला हे विचारण्याची संधीच मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे.