अर्ध्या इंटरनेटची वकिली

‘गरिबाला थोडं इंटरनेट फुकट मिळालं, तर तुमच्या पोटात का दुखतं?’ २०१५च्या अखेरीस निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेचे समर्थक हे विचारत होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने संकेतस्थळ पाहून वेगवेगळे डेटादर लावायला मनाई केली आणि भारतात ही योजना गुंडाळली गेली. युक्तिवाद मात्र जिवंत आहे. दुर्गम वाड्यांचा विषय निघाला की तो हमखास डोकं वर काढतो.

त्याचा सगळा भार ‘दगडापेक्षा वीट मऊ’ या न्यायावर. हातात दगड आणि वीट दोनच असतील तर तो बिनतोड आहे. पण दोनच का? म्यानमारमध्ये लष्करी राजवटीत एका सिमकार्डाला शेकडो, कधी हजारावर डॉलर पडत. २०१३मध्ये टेलिनॉर आणि ऊरेडू या परदेशी कंपन्यांची परवान्यांसाठी निवड झाली, आणि २०१४मध्ये तेच सिम दीड हजार क्यातला, म्हणजे साधारण दीड डॉलरला मिळू लागलं. माणसं तीच, त्यांची गरिबीही तीच. तुटवडा सरकारी धोरणाने निर्माण केला होता. धोरण बदलताच तो ओसरला.

त्याच म्यानमारमध्ये २०१६ साली फ्री बेसिक्स पोचलं. तिथे असंख्य लोकांच्या लेखी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं, आणि रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पसरवायला ते वापरलं गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८मध्ये नोंदवलं. सारं खापर एका फुकट योजनेवर फोडणं अन्यायाचं होईल. तरी अफवा वाचायला फुकट आणि ती पडताळायला पैसे, या रचनेला गरिबांची सोय म्हणवत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो: भारतात डेटा स्वस्त केला तो जिओने, ट्रायचं त्यात काय? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली आणि दर कोसळले, हे खरंच. पण बंदी आधीच लागू असल्याने ही चढाओढ संपूर्ण इंटरनेटच्या दरावर झाली. नाहीतर प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीतली चार संकेतस्थळं फुकट वाटून बाकीचं महागच ठेवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

शिवाय बाजार पोचतो तो गिऱ्हाईक परवडेल तिथवर. मेळघाटातल्या पाड्यावर टॉवर उभारण्यात नफा नसतो. त्यासाठीच तर २००२पासून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के आकार घेऊन सार्वत्रिक सेवा निधी उभारला गेला. आज त्याला ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षं खर्चच झाली नाही.

आणि फुकटच द्यायचं तर तोही मार्ग ट्रायनेच दाखवला होता. डिसेंबर २०१६मध्ये त्याने शिफारस केली: ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा या निधीतून मोफत द्यावा, तो कुठल्या संकेतस्थळावर वापरायचा हे त्याचं त्याने ठरवावं. ही योजना प्रत्यक्षात आली नाही. गरिबांच्या कळवळ्याने फ्री बेसिक्सची बाजू लढवणाऱ्यांनी आता त्या शिफारशीसाठी सरकारच्या मागे लागावं.