पत्ता चुकलेलें चित्र

संगणकाच्या पडद्यावरील चित्रावर दोनदां टिचकी दिली आणि कांहींच उघडलें नाहीं, कीं घरांत एकच ओरड होते : "सॉफ्टवेअर बिघडलें!" मग कोणी तें काढून पुन्हां घालतो, कोणी जाणत्या कारागिरास बोलावतो, आणि कारागीर उतावळा निघाल्यास सारी डिस्क पुसून मोकळा होतो. आजोबांनीं वर्षभर टंकलेली वंशावळ तींतच जाते. हा अनर्थ बहुधा निष्कारण असतो.

वैयाकरण संज्ञा व संज्ञी असा भेद करतात. पडद्यावरील 'शॉर्टकट' ही केवळ संज्ञा होय. तींत प्रोग्राम नसतो. त्यास हांक कशी मारावयाची, एवढेंच लिहिलेलें असतें. म्हणून प्रथम प्रोग्रामांच्या यादींतून तोच उघडून पाहावा. तेथून उघडला, तर दोष चित्राचा.

आमच्या औरंगाबादचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. पण पोस्टमनास तारतम्य असल्यामुळें जुन्या नांवाच्या पत्राची वाट अडत नाहीं. यंत्रास हें तारतम्य कोठून असणार? लिबरऑफिसचेंच पाहा. विंडोज, लिनक्स व मॅक या तिहींवर चालणारें, मराठींतहि उपलब्ध असलेलें हें मोफत साधन. तयार करणाऱ्या संस्थेकडून थेट घेतलेल्या त्याच्या लिनक्स-प्रतींत, हांक मारण्याच्या नांवांतच आवृत्तीचा अंक गोंवलेला असतो. २०२४ सालीं ७.६ च्या पाठोपाठ एकदम २४.२ आली. जुनी काढून नवी घातली, तरी डेस्कटॉपवर आपण ठेवलेलें चित्र ७.६ लाच हांका मारीत बसतें!

अशा वेळीं चित्राची फाइल टेक्स्ट एडिटरमध्यें उघडून 'एक्झेक'नें आरंभ होणाऱ्या ओळींतील अंक बदलावा. त्या ओळींतील फोल्डरच्या नांवांत मोकळी जागा असेल, तर सारा पत्ता दुहेरी अवतरणांत घालावा. एरवीं यंत्र नको तेथें पदच्छेद करतें. उबुंटूंत आणखी एक मेख आहे. नव्या चित्रावर उजवी टिचकी देऊन 'अलाऊ लाँचिंग' ही अनुज्ञा द्यावी लागते. ती नसल्यास पत्ता अचूक असूनहि दार उघडत नाहीं.

विंडोज त्या मानानें समजूतदार. हलविलेली फाइल ती स्वतः शोधूं पाहते. न सांपडल्यास 'प्रॉपर्टीज'मधील 'टार्गेट' तपासावें, किंवा चित्र पुसून नवें करावें. चित्र पुसल्यानें प्रोग्राम जात नाहीं. मात्र ज्याच्या कोपऱ्यांत लहानसा वांकडा बाण नाहीं, तें शॉर्टकट नसून खरी फाइलहि असूं शकेल. तें पुसण्यापूर्वीं ज्याचें असेल त्यास विचारावें.