रमजानचे टोमॅटो आत्ताच पेरा

यंदा आणि पुढच्या वर्षीही रमजान फेब्रुवारीत सुरू होतो. इफ्तारची चटणी, सहेरीचे सालन, ईदची बिर्याणी, सगळीकडे मिरची-टोमॅटो लागतोच. टोमॅटोच्या बियांपासून पहिले फळ हाती यायला साधारण शंभर दिवस लागतात. हिशेब उलटा मोजला तर पेरणी ऑक्टोबरमध्ये व्हायला हवी, फार तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा.

आपला महिना चांदचा आणि शेती सूर्याची. दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2015 आणि 2016 मध्ये तो जून-जुलैत होता, म्हणजे नेमका टोमॅटो महाग असण्याचा काळ. सध्या तो थंडीच्या शेवटी येतो आणि तेव्हा महाराष्ट्रात टोमॅटो भरपूर पिकतो. ही सवलत काही वर्षांचीच आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा असे दोन रमजान सुरू होणार आहेत.

2023 च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला होता. आणि हाच टोमॅटो भाव पडला की शेतकरी रस्त्यावर ओततात, हेही आपण पाहतो. घरातल्या चार-सहा झाडांनी बाजार थांबत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाचे आणि बाजारातले स्वस्त टोमॅटो मिळून दहा किलो टिकवून ठेवले, तर पावसाळ्यात गृहिणीच्या हातात चार पैसे उरतात. आमच्या दृष्टीने परसबागेचा खरा फायदा इथे आहे.

जागा नाही, ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा टोमॅटोच्या एका झाडाला पुरतो, मिरचीला त्याहून लहान कुंडीही चालते. तळाला पाच-सहा भोके हवीतच. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. कोकोपीट नसेल तर सुकलेला पालापाचोळा चुरून घाला. गॅलरीत सहा तास ऊन येत नसेल तर टोमॅटोचा नाद सोडून पुदिना लावा, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

रोपे चार-पाच आठवड्यांची झाली की डब्यात हलवायची. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून खोल लावावे, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मिरचीचे रोप मात्र होते तेवढ्याच खोलीवर लावा. टोमॅटोला लगेच काठी बांधा. मिरचीत चटणीसाठी ज्वाला किंवा लवंगी आणि भरण्यासाठी एखादे जाड, कमी तिखट वाण ठेवले की घराचे भागते.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर. टोमॅटोच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडतो, तेव्हा बहुतेक जण रोग समजून औषध मारतात. फळाला कॅल्शियम कमी पडल्याने तो डाग येतो आणि बहुतेक वेळा कारण असते अनियमित पाणी: दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी बादलीभर. अंड्याची टरफले टाकून हा डाग लगेच जात नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. रोज सकाळी बेताचे पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढा साधा उपाय आहे. वुजूचे पाणी टबात धरून झाडांना घालता येते. ते पाणी पाक असते, त्याने दुसऱ्यांदा वुजू करत नाहीत इतकेच. पाच जणांच्या घरात पाच वेळच्या वुजूचे पाणी किती होते ते एकदा मोजून बघा. साबणाचे पाणी मात्र त्यात मिसळू देऊ नका.

मिरचीची पाने वर वळली तर फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी, ही ओळख लक्षात ठेवा. पन्नास ग्रॅम लिंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. टोमॅटोची पाने बारीक होऊन आकसली आणि झाड खुजे राहिले, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. अशा झाडाची दया करू नये, उपटून टाकावे, नाहीतर शेजारची झाडेही जातात. आणखी एक विषाणू तंबाखूतून येतो. तंबाखू मळणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. घरातल्या पुरुष मंडळींना हे सांगायचे काम आम्ही भगिनींवर सोपवतो.

आता टिकवण्याचे. फ्रीझर असेल तर फार खटाटोप नको. पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा, वाटा, गाळा, निम्मे होईपर्यंत आटवा आणि बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या पिशवीत भरा. सालनाला दोन वड्या पुरतात.

फ्रीझर नसेल तर काचेची बाटली, पण इथे निष्काळजीपणा चालत नाही. टोमॅटो आपल्याला आंबट लागला तरी त्याची आंबटाई काठावरची असते. ती कमी पडली तर बंद बाटलीत बोट्युलिझमचे जंतू वाढतात. त्यांचे विष जिवावर बेतते आणि वासाने किंवा चवीने कळेलच असे नाही. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचाच. कांदा, लसूण, तेल काही घालायचे नाही, ते सालन करताना घाला. गरम रस धुतलेल्या गरम बाटलीत वरून बोटभर जागा सोडून भरा, घट्ट बसणारे नवे झाकण लावा आणि बाटली पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात, पाणी उकळू लागल्यापासून पस्तीस मिनिटे ठेवा. पुढे कधी झाकण फुगलेले दिसले तर चाखून बघू नका, फेकून द्या. अन्न वाया घालवणे इस्राफ आहे हे खरे, पण अशी बाटली टाकून देणे त्यात मोडत नाही.

हिरवी मिरची सिरक्यात उत्तम टिकते. सिरका हे चांगले सालन आहे, अशी प्रेषितांनी (स.) त्याची तारीफ केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या करा, चीर द्या, मीठ लावा आणि उकळून कोमट केलेला सिरका त्या बुडतील इतका ओता. पाणी घालून तो वाढवू नका, आंबटपणा कमी झाला की टिकण्याचा भरवसा गेला. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे, अ‍ॅल्युमिनियमचे कधीच नाही.

जाड मिरच्यांची सांडगी मिरची करा. चिरून धणे, जिरे, मेथी, हिंग, मीठ भरायचे, रात्री आंबट दह्यात भिजवायच्या, दिवसा उन्हात वाळवायच्या, दही संपेपर्यंत. खिचडी-कढीबरोबर तळलेली एक मिरची असली की दुसऱ्या तोंडीलावण्याची आठवण होत नाही. लाल मिरची देठासकट, बी आतून खुळखुळेपर्यंत वाळवावी. चार किलो ओल्या लाल मिरचीची साधारण एक किलो सुकी होते, तेव्हा वर्षाचा मसाला कुंडीतल्या झाडांवर होईल अशी आशा धरू नका. मिरची हाताळण्याआधी हाताला तेल चोळा आणि त्या दिवशी लहान मुलांना दुसऱ्या कोणाकडे द्या.

अंगणातल्या भाजीवर उश्र निघतो का, असा प्रश्न काही भगिनींनी विचारला आहे. हनफी फिकहमध्ये घराच्या आवारातल्या बागेला त्यातून सूट आहे. कोकणातले आपले शाफई बांधव भाजीपाल्यावर जकात मानत नाहीत. शेतात विक्रीसाठी पीक घेत असाल तर आपल्या आलिम साहेबांना विचारा. पेरलेल्या रोपातून माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तरी पेरणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे हदीसमध्ये आहेच. तेव्हा बुलबुलने टोचलेल्या टोमॅटोचे दुःख फार करू नये.

पहिल्या तोड्यातले एक निरोगी, पूर्ण पिकलेले फळ बियांसाठी ठेवा. गर वाटीत काढून दोन दिवस आंबू द्या, धुवा, ताटलीत सावलीत वाळवा. संकरित वाणाच्या बियांपासून तसेच झाड येत नाही, म्हणून बी गावठी वाणाचेच धरा. पुढच्या अंकात पुदिना आणि कोथिंबीर, इन्शाअल्लाह.