सदाफुली

व्याकरणाच्या तासाला मी दरवर्षी सांगतो, ‘सदा फुलते ती सदाफुली’, आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. त्या झाडाशी माझा संबंध एवढाच. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारासाठी तो आमच्याकडे राहिला. त्याच्या शिरेतून देतात ते व्हिंक्रिस्टीन सदाफुलीतूनच निघते, असे डॉक्टरांकडून कळले.

मास्तराचीच जात, लगेच पुस्तके धुंडाळली. झाड मूळचे मादागास्करचे. जमैकात लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेत. १९५२ साली तिकडची पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. उंदरांना अर्क पाजला, तर साखर काही उतरेना. टोचून पाहिला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या! नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून वेगळे काढलेले द्रव्य १९५८ साली जगापुढे आले. व्हिंक्रिस्टीन हे त्याचेच भावंड.

एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची वाटणी बारीक तंतू करतात. हे औषध ते तंतू जुळूच देत नाही. वाटणी अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढणाऱ्या. म्हणून पोराचे केस गेले.

हे सारे मी घरात मोठ्या ऐटीत सांगितले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आत्या वाटीभर हिरवा रस घेऊन पोराच्या उशाशी!

“अरे, तूच म्हणालास ना, औषध यातलेच म्हणून? मग अंगणात झाड असताना विकतचे कशाला?”

मला उत्तर सुचेना. वाटी काढून घेतली आणि आत्याला डॉक्टरांकडे नेले. ते हसले नाहीत. म्हणाले, “आजी, या पानांत कितीतरी द्रव्ये आहेत, विषारीसुद्धा. शेकडो किलो वाळलेली पाने घ्यावीत, तेव्हा कुठे ग्रॅमभर औषध मिळते. आम्ही ते मिलिग्रॅमने मोजतो आणि शिरेतूनच देतो. माप चुकले तर हेच औषध जीव घेईल.”

घरी येऊन आत्याने रस मोरीत ओतला. चूक तिची नव्हतीच, वाचकहो. औषध कशातून निघते ते मी सांगितले. कसे निघते ते सांगितलेच नव्हते.

उपचार अजून चालू आहेत. यंदाची पहिली पणती सदाफुलीपाशी लावायची, असे आत्याने ठरवले आहे. त्याला मात्र माझी हरकत नाही.