भाकरीचा फंडा

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सध्या ज्वारीची भाकरी जाम ‘इन’ आहे. 2023 हे युनोचं भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर डाएटवाल्या मैत्रिणी भाकरीबद्दल अशा बोलतात, जणू ती कालच लॉन्च झालीय! (बाय द वे, ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पण आता तिला परकी कोण म्हणेल?) मी पडले बीडची. कॉलर टाइट करून सांगते, ‘आमच्याकडे रोज हेच खातात!’

परवा केजजवळ मावशीकडे गेले, तर ताटात चक्क गव्हाची पोळी.

‘भाकरी कामून नाही गं?’

‘रेशनला गहू-तांदूळ येतोय. ज्वारी इकत घ्यावी लागती, बाई.’

खरंच, शिवारात बघावं तिकडे सोयाबीन नाहीतर कापूस. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही म्हणे. कडब्यापुरती कुठे कुठे पेरतात.

तरी मी हट्ट धरला. मावशीनं पिठात उकळतं पाणी ओतलं आणि तळहाताच्या टाचेनं ते कितीतरी वेळ मळलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं ना, त्यामुळे पिठाला चिकटपणा नाही. लाटायला गेलं की चिरतं, म्हणून हातानं थापायचं. आपण ज्या ‘ग्लुटेन-फ्री’वर फिदा आहोत, ती खरी मनगटाची मेहनत आहे, हे मला तिथं कळलं.

मावशी बरीच वर्षं ऊसतोडीला गेलीय. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याच्या वाटेला लागायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोघांनी दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पण पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवणार ती एकटी! दिवसभराच्या भाकऱ्या फडक्यात, वर ठेचा. उसाच्या फडात बसून तेच जेवण. काका तेव्हा झोपलेले असायचे का, असं मी विचारलं.

‘मग काय करतील? कोयता दोघांचा, भाकरी माझी.’

मी कॅन्टीनचं कौतुक सांगितलं. पिठलं-भाकरीची थाळी, दीडशे रुपये. मावशी खो खो हसली.

‘आन् थापतंय कोण?’

मी रोज तिथं जेवते. मला माहीत नव्हतं.